नऊ नंबरची मान

१

धाकटीला रीतभात म्हणून नव्हती. हे मत मुळात एकट्या थोरलीचं, पण तिने ते इतक्या वेळा आणि इतक्या मोठ्याने सांगितलं होतं की आता ते सगळ्यांचं झालं होतं.

दोघी सख्ख्या जावा. धाकट्या दिराच्या माघारी त्याची बायको पलीकडच्या तुकड्यावर एकटी राहायची, मधे तारेचं कुंपण. दोन वर्षं बोलणं बंद होतं. ठीक आहे, नसेल बोलायचं तर माणसाने बोलू नये. पण न बोलण्याचीही एक पद्धत असते. ही बाई रोज सकाळी, बरोबर थोरलीच्या धारेच्या वेळी, आपली एकुलती एक शेळी घेऊन तारेपाशी यायची, इकडे पाठ करून बसायची आणि ब्रशने तिला विंचरत राहायची. शेळीचं नाव बाहुली. पाठ अशी ताठ, की त्या पाठीलाच तोंड फुटलंय असं वाटावं.

"भांडायचं तर समोरून भांडावं," थोरली धार काढता काढता म्हणाली. "पाठीने काय भांडते ही."

"आपण बघूच नये तिकडे," चारा टाकणारे यजमान म्हणाले.

"मी कुठे बघते? मी फक्त लक्ष ठेवते."

तेवढ्यात सून गोठ्यात आली. दारातल्या फिनेलच्या ट्रेमध्ये पाय बुडवायला विसरली, परत गेली, बुडवून आली. हातात फोन, आणि चेहरा असा की कोणी तरी गेल्याचा निरोप आणलाय.

"आई, रक्ताच्या तपासणीचा निकाल आला."

"मग वाच की. चौदा शेळ्या, चौदा वेळा 'आजार नाही'. सात वर्षं तेच तर ऐकतेय."

"तेरा वेळा 'नाही' आहे."

भांड्यात पडणाऱ्या धारेचा आवाज थांबला. पलीकडे ब्रशही थांबला, पण ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

"कितवी?" थोरलीने विचारलं.

"नऊ."

नऊ नंबरची चकती गळ्यात घालून जी चौथऱ्यावर उभी होती, जिच्या सडांना या क्षणी थोरलीची बोटं लागलेली होती, ती वकीलीण होती.

२

वकीलीण हे नाव तिला आपोआप पडलं, कारण तिची प्रत्येक गोष्टीला हरकत असायची. पाणी उशिरा आलं, हरकत. दार लावलं, हरकत. पाहुणा आला की मान तिरकी करून त्याला असं निरखायची की तो आपणहून दोन पावलं मागे व्हायचा. पांढरीशुभ्र, लांब कानांची, एका वेळी दोन लिटर दूध देणारी. थोरलीने स्वतःच्या मुलांचे केले नव्हते एवढे लाड हिचे केले होते, आणि हे मुलांसमोरच सांगितलंही होतं.

तपासणीत निघाला होता तो गुडघ्याचा आजार. शेळीच्या रक्तात लपून बसतो, वर्षानुवर्षं काही दाखवत नाही, मग एक दिवस गुडघे सुजतात आणि शेळी बसल्या जागेवरून उठेनाशी होते. औषध नाही. आईच्या दुधातून, त्यातही पहिल्या चिकातून, तो पिल्लात उतरतो. सात वर्षांपूर्वी थोरलीच्या गोठ्यात तो निघाला तेव्हा एका दुपारी तिने अकरा शेळ्या टेम्पोत चढवल्या होत्या. रडली नाही. फक्त त्यानंतर आठ दिवस घरात कोणाला ओरडली नाही, आणि त्यानेच घर घाबरलं होतं.

मग कायदे आले. करडू जमिनीवर पडलं की आईने तोंड लावायच्या आत उचलायचं. चीक सत्तावन्न अंशावर बरोबर एक तास तापवायचा आणि बाटलीने पाजायचा. बाहेरची शेळी आत नाही, आतली बाहेर नाही. दर वर्षी रक्त. आणि गोठ्याच्या दारावर थोरलीने सांगितलेली आणि सुनेने रंगाने लिहिलेली पाटी: "तपासणीत सापडलेली शेळी सात दिवसांत कळपाबाहेर. कोणाचीही असो."

"कोणाचीही असो" हे शब्द तिनेच मुद्दाम घालायला लावले होते.

"आजच्यासकट सात, म्हणजे रविवारपर्यंत," सून हळूच म्हणाली.

"मला वार कळतात."

"तशी थोडी वाळलीच होती ती," यजमान म्हणाले. "आठवडाभर पट्टा सैल दिसतोय गळ्यात."

थोरलीनेही ते पाहिलं होतं.  पण तिचं डोकं मात्र ऐकेना. हिची आई तपासलेली. हिला चीक पाजला तो थोरलीने स्वतः, तापवून, स्वतःच्या हाताने. चार वर्षांत ही कुंपणाबाहेर गेली नाही. मग आजार काय वाऱ्यावर बसून आला?

संध्याकाळी ती पुन्हा गोठ्यात गेली, तर दाराच्या कडीत पेंडीच्या पोत्याच्या कागदाचा एक तुकडा खोचलेला होता. थोरलीचं शिक्षण तिसरीच्या अर्ध्यात संपलेलं. तिने एकेक अक्षर बोट ठेवून वाचलं.

"नऊ नंबरला परत तपासा. घाई करू नका."

निकाल घराबाहेर कोणाला सांगितलेला नव्हता.

३

थोरलीने पहिल्यांदा सुनेला धरलं. सून शिकलेली, नोंदवही तिच्या हातात, आणि कारणही तिच्याकडेच होतं. दोन वर्षं ती मागे लागली होती की शेळ्यांच्या कानात नंबरचे बिल्ले मारू या. थोरलीने प्रत्येक वेळी एकच उत्तर दिलं होतं: "माझ्या शेळ्यांच्या कानांना भोकं पडणार नाहीत. गळ्यात पट्टा आहे, पट्ट्याला चकती आहे, चकतीवर नंबर आहे. तुला आणखी काय हवंय?"

सून चुलीपाशी बाटल्या उकळत होती.

"तपासणीच्या दिवशी मी दाढ काढायला गेले होते," थोरली म्हणाली. "मागे काय काय झालं ते पहिल्यापासून सांग."

"सांगितलं ना आई तेव्हाच. नवीन डॉक्टर आले. बाबा एकेक शेळी आणत होते, मी चौथऱ्यावर धरत होते, डॉक्टर मानेतून रक्त घेत होते. चकती बघून नळीवर नंबर लिहीत होते."

"चौदाही तू धरल्यास?"

"हो."

"नववीही?"

सुनेने चिमट्याने एक बाटली उचलली, बघितली, परत तीच पाण्यात सोडली. "हो."

"अगं, उकळलेली बाटली परत उकळतेस. मला बनवायचं असेल तर आधी हात तरी नीट चालव."

सुनेने चिमटा खाली ठेवला. मग एकदम म्हणाली, "तुम्हाला वाटतं मी बिल्ल्यांसाठी वकिलिणीला अडकवलं? मी तिला तुमच्या चोरून बिस्किटं देते, आई."

"तू पण देतेस? मग यजमान देतात ती कुठली?"

दोघींना हसू आलं. पण थोरलीने ते लगेच गिळलं. "नववीच्या वेळी तू कुठे होतीस?"

"चिकाच्या भांड्यापाशी," सून म्हणाली. "नुकत्याच व्यायलेल्या ठेंगणीचा चीक तापायला ठेवला होता. थर्मामीटर वाजायला लागला. साठच्या वर गेला असता तर चीक गोठून वाया. आठवी झाली आणि मी पळाले. तुमचा कायदा आहे ना, तपासणी चालू असताना कोणी जागा सोडायची नाही. म्हणून बोलले नाही. पण आई, मी परत आले तेव्हा चौथऱ्यावर दहावी उभी होती. नववी बाबांनी धरली असणार."

४

यजमान तारेचे खिळे ठोकत होते. चाळीस वर्षांच्या संसारात ते खोटं फार कमी वेळा बोलले होते, त्यामुळे सराव नव्हता.

"नववी? हो. म्हणजे धरली की. मी म्हणजे... तिने नाही का धरली?"

"मी विचारतेय."

"त्या वेळी पाण्याचा नळ गळत होता. तो बघायला गेलो होतो."

"कुठला नळ?"

"मागचा."

"मागचा नळ मागच्या वर्षीच काढला आपण."

यजमानांनी हातोडी खाली ठेवली. "सरकीच्या पोत्यावर जरा बसलो होतो," ते म्हणाले. "आठवी सोडली, डॉक्टर सुया बदलत होते, ऊन छान होतं. डोळे फक्त मिटले. उघडले तेव्हा डॉक्टर 'दहावी आणा' म्हणत होते. मला वाटलं सूनबाईने नववी उरकली."

"आणि सुनेला वाटलं तुम्ही उरकलीत."

"मग कोणी उरकली?"

 थोरली वकिलिणीकडे बघत होती. वकीलीण कुंपणाच्या कोपऱ्यात उभी राहून पलीकडे कोणी काही खायला देतंय का त्याचा अंदाज घेत होती. पट्टा खरंच सैल होता, दोन बोटं सहज जातील एवढा.

"दोरी आणा," थोरली म्हणाली.

५

थोरलीचा तराजूवर विश्वास नव्हता. तिच्याकडे सुताच्या दोऱ्या होत्या, आणि दर महिन्याला ती प्रत्येक शेळीच्या छातीभोवती तिची दोरी गुंडाळून जिथे टोक येईल तिथे गाठ मारायची. प्रत्येकीची दोरी वेगळी. सून या दोऱ्यांना हसायची, पण फेकायची नाही.

वकिलिणीची दोरी तिच्या छातीभोवती गेली आणि टोक बरोबर गेल्या महिन्याच्या गाठीवर आलं. केसभर इकडे नाही की तिकडे नाही.

"ही वाळलेली नाही," थोरली म्हणाली.

"मग पट्टा कसा सैल झाला?" यजमानांनी विचारलं.

"चामडं आपणहून वाढत नाही. कोणी तरी काढला आणि परत लावताना दोन भोकं सोडून लावला. घाईत लावला." तिने वाकून बक्कल बघितलं आणि बघतच राहिली. "आणि उलटा लावलाय. आपण सगळे पट्ट्याची जीभ उजवीकडून ओढतो. ही डावीकडून ओढलीये."

तिने पट्टा सोडला. वकिलिणीने हरकत घेतली, पण थोरलीने तिची मान वर धरली आणि केसांमधून अंगठा फिरवला. वरून खाली, खालून वर, दोन्ही बाजूंनी.

"बाकीच्यांचे पट्टे वर सरकव," ती सुनेला म्हणाली. "एकेकीची मान दाखव मला."

सुनेने ठेंगणीचा पट्टा सरकवला. खाली रुपयाएवढा गोल, केस काढलेला, आता खुंट उगवलेला. मिरचीच्या मानेवर तसाच. मास्तरणीच्याही, आणि बाकी सगळ्यांच्याही.

"नवीन डॉक्टर केस काढल्याशिवाय सुई लावत नाहीत," सून म्हणाली. "प्रत्येकीचे मशीनने काढले होते."

"तेरा मानांवर गोल आहेत," थोरली म्हणाली. "चौदावीवर नाही."

तिघांनी वकिलिणीच्या मानेकडे बघितलं. पांढरे केस, लांब, सलग, मऊ. त्या मानेला यंदा सुई लागलीच नव्हती.

"म्हणजे निकाल हिचा नाही," सून म्हणाली आणि मटकन पेंढ्यावर बसली.

"हिचा नाही. पण नळीत रक्त होतं, आणि ते आजारी शेळीचं होतं." थोरलीचा आवाज खाली आला, आणि तो खाली आला की माणसं सावध होत. "म्हणजे त्या दिवशी माझ्या गोठ्यात पंधरावी शेळी होती."

६

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडायच्या आत थोरली पायरीवर होती. नवीन डॉक्टर एका वासराच्या पायाला पट्टी बांधत होता, आणि वासरू त्याच्या खिशातला रुमाल चघळत होतं.

"बोला आजी. काय आजारी आहे?"

"माझा राग," थोरली म्हणाली. "बाकी सगळं ठीक आहे. अकरा दिवसांपूर्वी तुम्ही चौदा शेळ्यांचं रक्त काढलंत. नववी आठवते?"

"नववी कशी विसरेन? तिच्याबरोबर त्या बाई होत्या ना. फार कडक. मी 'पुढची' म्हणालो आणि त्या स्वतःच शेळी घेऊन आल्या. आधी स्वतःचे पाय ट्रेमध्ये बुडवले, मग शेळीचे चारही पाय एकेक करून बुडवले. मला म्हणाल्या, 'सुई नवीन आहे का? दाखवा. नळी नवीन आहे का? दाखवा.' मी तर घाबरूनच गेलो."

"कोण बाई?"

"कोण म्हणजे? मालकीणबाई. शेळ्या ज्यांच्या आहेत त्या. सगळे सांगतात ना, त्या घरची थोरली म्हणजे फार जहाल, जपून राहा. मी म्हटलं हीच ती." डॉक्टर हसला. "पण तुम्ही कोण, आजी?"



"तिची नातेवाईक," थोरली म्हणाली. "ती बाई डावरी होती का?"

"आता तुम्ही विचारलंत म्हणून आठवतं. शेळीचं डोकं डाव्या हाताने धरलं होतं, त्यामुळे मला दुसऱ्या बाजूने यावं लागलं."

"आणि तुम्ही शेळी बघितली नाही? कोणाची आहे, कुठली आहे?"

"चकतीवर नऊ होतं, नळीवर नऊ लिहिलं. पांढरी शेळी, बाकीच्यांसारखीच. कानात बिल्ला असता तर प्रश्नच नव्हता, आजी. पट्टा काय, कोणाच्याही गळ्यात जातो."

हे थोरलीला लागलं, आणि बरोबर जिथे लागायला हवं तिथे लागलं. तिने ते पदराआड ठेवलं, नंतर बघायला.

"आणखी काही?"

"गुडघा थोडा सुजला होता, मी तसं म्हणालो. बाई त्या गुडघ्यावरून नुसता हात फिरवत राहिल्या. आणि मी सांगितलं की जपा, गाभण आहे, पोट उतरलंय, दहाबारा दिवसांत व्यायला हवी."

थोरली उठली. वकीलीण तीन महिन्यांपूर्वीच व्यायली होती.

"ती शेळी माझ्या गोठ्यातून चालत गेली," तिने दारातून विचारलं. "त्याने माझ्यांना काही लागेल?"

"पाच मिनिटं येऊन गेल्याने सहसा नाही. तो आजार दुधातून जातो. हवं तर महिन्या दोन महिन्यांनी सगळ्यांना परत तपासू. खरी काळजी तिच्या पिल्लांची. ती आईचा चीक प्यायली, तर ती पण त्याच वाटेने."

"नववीचं खरं रक्त काढायला आजच या. सून धरेल. तिला बघूनच सुई लावा, चकती बघून नको."

डॉक्टर काही विचारेपर्यंत आजी रस्त्याला लागली होती. तिच्या दुखऱ्या गुडघ्यांच्या मानाने फारच जोरात.

७

कुंपणाच्या मागच्या कोपऱ्यात एक छोटं फाटक होतं, दोन वर्षांपूर्वी तारेने आवळून टाकलेलं. थोरलीने तारेचा पीळ बघितला. यजमानांनी तो उजवीकडे दिला होता, हे तिला ठाऊक होतं, कारण तिनेच समोर उभं राहून द्यायला लावला होता. आता पीळ डावीकडे होता. तिने तो उलगडला आणि दोन वर्षांनी पलीकडे पाऊल टाकलं.

धाकटीच्या पडवीत स्वच्छ पेंढा पसरला होता. बाहुली आडवी पडलेली, आणि तिच्या मागे एक ओलं, चिकट, लांब कानांचं करडू धडपडत उभं राहात होतं. पायांचा मेळ बसत नव्हता, पण नाकाला मात्र वाट माहीत होती. ते कासेकडे निघालं होतं. धाकटी गुडघ्यांवर बसून एका हाताने त्याला मागे ओढत होती आणि दुसऱ्या हाताने डोळे पुसत होती, आणि दोन्ही कामं नीट होत नव्हती.

थोरलीला बघून तिचं तोंड उघडलं.

"नंतर," थोरली म्हणाली. "आधी टॉवेल आण."

दोन वर्षांनंतरचे पहिले शब्द हे होते.

तिने करडू छातीशी उचललं. सडापासून चार बोटांवर होतं. "प्यायलं का?"

"नाही. नाही प्यायलं, ताई. मी धरून ठेवलं. पण तापवायचं किती, पाजायचं कशातून, मला काहीच माहीत नाही. तुमचं ते भांडं मी लांबून बघते, पण लांबून अंश कसे दिसणार? शेवटी म्हटलं, उपाशी मरण्यापेक्षा पिऊ दे."

"दुसरं येतंय. हात लाव."

दुसरं आलं. मग कोणाच्या ध्यानीमनी नसताना तिसरं. थोरलीने कुंपणाकडे तोंड करून सुनेला अशी हाक मारली की रस्त्यावरची सायकल थांबली. सून धावत आली, मागे यजमान कपड्यांची टोपली डोक्यावर घेऊन.

"फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यातला ठेंगणीचा चीक काढ. तापवलेला असला तरी परत कोमट कर, अंगाएवढा. तीन बाटल्या. आणि अहो, टोपलीत पोतं नको, माझी जुनी शाल घाला."

"तुझी शाल?"

"विचारू नका, घाला."

अर्ध्या तासात तीन करडं तीन मांड्यांवर होती. एक थोरलीच्या, एक सुनेच्या, एक धाकटीच्या. यजमान दारात पहारा दिल्यासारखे उभे, हसत, आणि आपण हसतोय हे न कळून. बाटलीला तोंड लागलं की शेपटी अशी थरथरत होती, की बघणाऱ्यालाही पोट भरल्यासारखं वाटावं. बाहुली दमून पडली होती, आणि धाकटी मधेच उठून तिच्या तोंडाशी गुळाचं कोमट पाणी धरत होती.

"आता बोल," थोरली म्हणाली. "नाही, मीच बोलते, चुकलं तिथे तू सांग. बाहुलीचा गुडघा तुला दिसत होता. दोन वर्षांपूर्वी मी पेंडीच्या दुकानात चार लोकांसमोर म्हणाले होते, की तुझी शेळी आजारी दिसते, ती माझ्या तारेपासून लांब बांध. तेव्हापासून तू पाठ केलीस. ती खरंच आजारी आहे का हे तुला जाणून घ्यायचं होतं, पण मला विचारलं असतंस किंवा डॉक्टरला दारात बोलावलं असतंस, तर गावभर मी खरी ठरले असते."

धाकटी बाटलीकडे बघत राहिली.

"त्या दिवशी मी गाल बांधून गेले, ते तू पाहिलंस. सून भांड्याकडे पळाली, हे झोपले. मधे जागा मोकळी. तू फाटक सोडलंस, वकिलिणीचा पट्टा काढून बाहुलीला घातलास, आणि माझ्या चौथऱ्यावर माझ्याच डॉक्टरला दम देऊन रक्त काढून घेतलंस. परत येऊन पट्टा लावलास, पण डाव्या हाताने, आणि भोकं चुकवून, कारण बाहुलीची मान जाड. फाटकाची तारही तशीच पिळलीस."

"गोठ्यात काही लागू नये म्हणून तिचे पाय बुडवले होते," धाकटी म्हणाली.

"ऐकलं मी ते." थोरलीने मांडीवरच्या करडाच्या पाठीवरून हात फिरवला. "नऊच का?"

"ती एकटीच तारेपाशी येते. बाकीच्या तुमच्यासारख्या आहेत."

सुनेने करडाच्या अंगात तोंड लपवलं.

"आणि निकाल तुला कळणार कसा होता?"

"चांगला असता तर काहीच आलं नसतं कानावर," धाकटी म्हणाली. "वाईट आला तर तुमचा आवाज येणारच होता. तुमची वकीलीण जाईल हे माझ्या डोक्यातच आलं नाही, ताई, खरंच. मला वाटलं, तुमची आहे, तुम्ही परत तपासाल. मग सोमवारी सून म्हणाली ते ऐकलं, रविवारपर्यंत म्हणून. तेव्हा ती चिठ्ठी खोचली. नाव घालायची हिंमत झाली नाही. रविवारी सकाळी येऊन सांगणारच होते."

"रविवारी सकाळी किती वाजता?"

धाकटीने मान खाली घातली. "अजून ठरवलं नव्हतं."

८

शनिवारी वकिलिणीच्या खऱ्या रक्ताचा निकाल आला. सुनेने तो तीन वेळा वाचला, कारण थोरलीने तीन वेळा वाचायला लावला. आजार नाही. वकिलिणीच्या मानेवर आता रुपयाएवढा गोल होता, आणि त्याबद्दल ती भेटेल त्याच्याकडे तक्रार करत होती.

सुनेने मग धीर करून कपाटातून एक छोटी पेटी काढली. "आई, बिल्ले. मी आणून ठेवले होते. वर्ष झालं."

थोरलीने पेटी उघडली, एक पिवळा बिल्ला बोटांत फिरवला.

"पिवळा वकिलिणीला शोभणार नाही. हिरवे आण," ती म्हणाली, आणि सून इतक्या पटकन गेली की उरलेलं वाक्य ऐकायची तिने वाटही पाहिली नाही.

तिन्ही करडं गोठ्याबाहेरच्या खोलीत होती, डॉक्टर होकार देईपर्यंत वेगळी. धाकटी फाटकापाशी उभी होती, अजून पलीकडेच. बाहुली तिच्यामागे, आरामात रवंथ करत, जणू या प्रकरणाशी तिचा काही संबंध नाही.

"ताई," धाकटी म्हणाली, "माझ्यावर काय ते बोला एकदाचं. शेळी घालवायची असेल तर तेही सांगा. तुमची पाटी आहे दारावर."

थोरली फाटकापर्यंत गेली. यजमान आणि सून लांबून ऐकत होते, आणि ऐकत नसल्यासारखं दाखवत होते.

"पाटी माझ्या दारावर आहे, तुझ्या नाही. बाहुली तुझ्या अंगणात राहील, माझ्या कुंपणापासून वीस पावलं लांब. तिचं दूध उकळून तू पी, पिल्लू मात्र तिला कधी लावायचं नाही. हे झालं शेळीचं. आता तुझं." तिने श्वास घेतला. "माझी शेळी तुझ्यामुळे टेम्पोत चढली असती. हा गुन्हा तुझा. आणि तू सरळ दारातून येऊन विचारू शकणार नाहीस, असं मी चार लोकांत बोलले. तो गुन्हा माझा. पेंडीच्या दुकानात मी उद्या जाईन, आणि तितक्याच मोठ्याने सांगेन की चुकले. तुझी शिक्षा वेगळी. तीन करडं, दिवसाला चार बाटल्या, तीन महिने. पाजायला तू येशील, या फाटकातून, माझ्या शेजारी बसशील आणि बोलशील. दोन वर्षांचं साठलेलं सगळं बोलायचं, शिव्यांसकट. एखाद्या दिवशी गप्प बसलीस, तर एक महिना वाढेल. चल, पहिल्या बाटलीची वेळ झाली."